क्रियापदामागचा छोटा शब्द

आष्टी तालुक्याच्या इतिहासात २३ सप्टेंबर २०२२ हा दिवस लक्षात राहण्यासारखा आहे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ते न्यू आष्टी या ६६ किलोमीटरच्या मार्गावरील पहिली प्रवासी गाडी त्या दिवशी सुटली आणि कित्येक पिढ्यांनी वाट पाहिलेली रेल्वे तालुक्याच्या गावी पोचली. अशा प्रसंगी मराठीत ‘हिरवा झेंडा दाखवला’ असे म्हणतात. इंग्रजी वृत्तपत्रांत याच क्रियेला ‘फ्लॅग्ड ऑफ’ म्हणतात. झेंडा दाखवण्याच्या या अर्थाने हा प्रयोग प्रामुख्याने भारतीय इंग्रजीत रुळलेला आहे.

येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. विजेच्या बटणावरचा ‘ऑफ’ पंखा बंद करतो. मग स्थानकावरचा ‘ऑफ’ गाडी सुरू कसा करतो? बिलाच्या तळाशी ‘राउंड ऑफ’ असते, तेथे तोच ‘ऑफ’ पैसे वगळतो. कर्जाच्या कागदावर ‘राइट ऑफ’ असते, तेथे तो काय करतो, याविषयी तर भल्याभल्यांचा गैरसमज असतो. दोन अक्षरांचा हा शब्द. तो क्रियापदाच्या मागे उभा राहतो आणि त्याचा अर्थ पार बदलून टाकतो. इंग्रजीत अशा जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. त्यातील छोट्या शब्दाचा अर्थ आणि वाक्यातील त्याची जागा या दोन गोष्टी ज्याला उमगल्या, त्याला इंग्रजी पत्रव्यवहाराचा मोठा भाग उमगला असे समजावे.

दुकानात आधीच शिरलेले इंग्रजी

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या व्यापारी कुटुंबात घरी मारवाडी, बाजारात मराठी, वहीत मोडी किंवा महाजनी आणि सरकारदरबारी उर्दू असा भाषांचा व्यवहार चाले. हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. इंग्रजीची गरज क्वचित पडे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि पुढच्या पिढ्या मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकू लागल्या. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. आज आजोबांच्या वहीवर नातवाच्या संगणकाचा पडदा आला आहे, आणि कंपनी, बँक, विमा व करखाते यांच्याशी होणारा पत्रव्यवहार बहुधा घरातील सर्वांत धाकटा हात करतो.

तरीही ही शब्दजोडी व्यापारी घराला अगदीच नवी नाही. बँकेत पैसे भरताना ‘पे-इन स्लिप’ लिहिली जाते. खातेवहीच्या पानाच्या माथ्यावर ‘ब्रॉट फॉरवर्ड’ आणि तळाशी ‘कॅरीड फॉरवर्ड’ येते, म्हणजेच मागील पानावरून आणि पुढील पानावर. माल आणणारी गाडी ‘पिकअप’, वाढीव कर्ज ‘टॉप-अप’, दोन पेढ्यांचा करार ‘टाय-अप’. ज्याने कधी इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक उघडले नाही, तोही दिवसातून दहा वेळा फ्रेजल व्हर्ब वापरतो. अडचण उच्चाराची नाही. हे शब्द सुटे करून वाक्यात बसवायचे म्हटले की अडचण सुरू होते.

अर्थ कोठे दडलेला असतो

‘पे’ म्हणजे पैसे देणे, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु ‘पे इन’ म्हणजे खात्यात भरणे, ‘पे आउट’ म्हणजे आपल्याकडून रक्कम अदा करणे, ‘पे बॅक’ म्हणजे घेतलेले परत करणे, ‘पे अप’ म्हणजे तगाद्यानंतर नाइलाजाने पूर्ण रक्कम भरून मोकळे होणे आणि ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज शेवटच्या पैशापर्यंत फेडून टाकणे. पाचही ठिकाणी ‘पे’ तोच आहे. देण्याची तऱ्हा मागचा शब्द सांगतो.

या छोट्या शब्दांचे मूळ अर्थ पाहिले की बरेच कोडे सुटते. ‘ऑफ’चा मूळ भाव अलग होणे, सुटणे हा आहे. गाडी फलाटापासून सुटते, बटण दाबले की विजेचा प्रवाह तुटतो, बिलातील सुटे पैसे छाटले जातात, कर्ज डोक्यावरून उतरते. एकाच मुळाच्या या फांद्या आहेत. ‘अप’मध्ये काठोकाठ भरण्याचा, पूर्णतेचा भाव पुष्कळदा असतो. ‘बॅक’मध्ये मागे फिरणे असते. ‘ओव्हर’मध्ये एका हातातून दुसऱ्या हातात जाणे असते, म्हणून ‘हँड ओव्हर’ म्हणजे सुपूर्द करणे, ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताब्यात घेणे आणि ‘साइन ओव्हर’ म्हणजे सही करून हक्क दुसऱ्याच्या नावे करणे. ‘थ्रू’मध्ये आरपार जाणे असते. सौदा ‘फेल थ्रू’ झाला म्हणजे चाळणीतून दाणा गळावा तसा तो हातातून गळाला.

व्यापाऱ्याच्या रोजच्या कामातील एक जोडी पाहावी. ‘सेल आउट’ म्हणजे माल विकला जाऊन संपणे. ही आनंदाची बातमी. ‘सेल ऑफ’ म्हणजे माल पडून राहू नये म्हणून मिळेल त्या भावाने काढून टाकणे. ही नाइलाजाची. दिवाळीनंतर एखाद्या दुकानदाराने कंपनीला ‘वी हॅव सोल्ड आउट द स्टॉक’ असे कळवले, तर कंपनी नवा माल पाठवण्याची तयारी करील. त्याने ‘सोल्ड ऑफ’ लिहिले, तर हंगाम पडला असे ती समजेल. एका छोट्या शब्दाने पुढील महिन्याची मागणी ठरते.

घरचीच ओळख

मराठी माणसाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. लिहिणे हे एकच क्रियापद घ्यावे. लिहून देणे म्हणजे स्वतःस बांधून घेणे. लिहून घेणे म्हणजे दुसऱ्यास बांधणे. लिहून ठेवणे म्हणजे पुढे उपयोगी पडावे म्हणून नोंद करणे. लिहून टाकणे म्हणजे काम एकदाचे उरकणे, आणि लिहून काढणे म्हणजे सबंध मजकूर उतरवणे. व्यापारात तर ‘लिहून दिले’ आणि ‘लिहून घेतले’ यांत घेणेकरी आणि देणेकरी यांच्याइतके अंतर आहे. मराठी व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. इंग्रजीने जे काम छोट्या अव्ययाकडे सोपवले, ते मराठीने मागून येणाऱ्या दुसऱ्या क्रियापदाकडे सोपवले, इतकाच फरक.

संस्कृत आणि प्राकृत यांनी तेच काम पुढे जोडलेल्या उपसर्गाकडे दिले. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, परिहार, संहार आणि उपहार असे भिन्न दिशांचे शब्द झाले. मुनिराजांचे आहार-विहार जैन घरात रोजच्या बोलण्यातले आहेत, परंतु दोन्ही शब्दांचा धातू एकच आहे हे सहसा ध्यानात येत नाही. ‘ग्रह’पासून संग्रह, आग्रह, निग्रह, अनुग्रह, विग्रह आणि ज्याची मर्यादा श्रावकाने आखून घ्यायची तो परिग्रह. व्रताच्या दोषांच्या चार पायऱ्याही याच रीतीने ओळखल्या जातात. अतिक्रम म्हणजे मर्यादा ओलांडण्याचा विचार, व्यतिक्रम म्हणजे त्या दिशेने तयारी, अतिचार म्हणजे अंशतः भंग आणि अनाचार म्हणजे पूर्ण भंग. पुढे जोडलेल्या दोन अक्षरांकडे दुर्लक्ष केले, तर मनातील विचार आणि प्रत्यक्ष व्रतभंग यांतील भेदच नाहीसा होईल. ज्या परंपरेने शब्दांशाला इतके महत्त्व दिले, तिच्या वारसांना इंग्रजीतील ‘ऑफ’ आणि ‘अप’ यांचे महत्त्व पटवून देण्याची फारशी गरज पडू नये.

वैदिक भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून दूर, वाक्यात इतरत्रही उभा राहू शके. अभिजात संस्कृतात तो धातूला कायमचा चिकटला. इंग्रजीत दोन्ही अवस्था आजही शेजारी शेजारी नांदतात. ‘ओव्हरलुक’ हा जोडलेला शब्द, त्याचा अर्थ दुर्लक्ष करणे. ‘लुक ओव्हर’ ही सुटी जोडी, तिचा अर्थ नजरेखालून घालणे. ‘ओव्हरटेक’ म्हणजे गाडी पुढे काढणे आणि ‘टेक ओव्हर’ म्हणजे कारभार हाती घेणे. ‘अपसेट’ म्हणजे विस्कटणे आणि ‘सेट अप’ म्हणजे उभारणे. हिशेबनिसाला बिल ‘लुक ओव्हर’ करण्यास सांगायचे असता ‘ओव्हरलुक’ लिहिले, तर बिल तपासण्याऐवजी त्याकडे काणाडोळा करण्याचीच आज्ञा होते. तेच दोन शब्द, फक्त क्रम उलटा.

ही अवघड जागा इंग्रजांनाही ठाऊक होती. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत, क्रियापदामागे अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अधिक अडचणीची ठरते, असे त्यांनी नमूद केले आहे. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच उशिरा रूढ झाले. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते आढळते. भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर’ या पुस्तकाचे एक कर्ते पी. सी. रेन हे मुंबई इलाख्यातील शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ होते. त्यांच्या पुस्तकाने कर्ता, कर्म आणि काळ घराघरांत पोचवले. अव्ययाची जागा मात्र पाठांतराने बसत नाही, ती वापराने बसते.

जागेचे चार नियम

नियम पाहता थोडे आहेत. चार नियमांत बहुतेक व्यवहार आटोपतो.

पहिला नियम नामाचा. ज्या जोडीला कर्म लागते आणि जी सुटी होऊ शकते, तिच्यात कर्म नाम असेल तर ते अव्ययाच्या आधी किंवा नंतर कोठेही चालते. ‘पे ऑफ द लोन’ बरोबर आणि ‘पे द लोन ऑफ’ हेही बरोबर. ‘सेंड बॅक द गुड्स’ आणि ‘सेंड द गुड्स बॅक’ दोन्ही शुद्ध. मात्र कर्म लांबलचक असेल, तर अव्यय क्रियापदाजवळच ठेवावे. ‘गेल्या मंगळवारी आलेली फुटकी खोकी परत पाठवा’ हे इंग्रजीत लिहिताना ‘सेंड’ आरंभी आणि ‘बॅक’ पार शेवटी ठेवले, तर वाचणाऱ्याला तेथे पोचेपर्यंत खोकी पाठवायची आहेत की परत पाठवायची आहेत, हेच कळत नाही.

दुसरा नियम सर्वनामाचा, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. कर्माच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ असे सर्वनाम असेल, तर ते मधेच बसले पाहिजे. ‘पे इट ऑफ’ बरोबर, ‘पे ऑफ इट’ चूक. ‘सेंड देम बॅक’ बरोबर, ‘सेंड बॅक देम’ चूक. याचे कारण इंग्रजी वाक्याच्या चालीत आहे. इंग्रजीत नवी आणि वजनदार गोष्ट वाक्याच्या शेवटी ठेवण्याकडे कल असतो. ‘इट’ म्हणजे आधीच ठाऊक असलेली वस्तू. तिला वजन नाही, म्हणून शेवटचे मानाचे स्थान तिला मिळत नाही. ते अव्ययाकडे जाते, कारण खरी बातमी त्याच्यात आहे.

मराठीत या उलट रचना आहे. ‘कर्ज फेडून टाक’ आणि ‘ते फेडून टाक’ या दोन वाक्यांत नाम आणि सर्वनाम यांना एकच जागा आहे. ‘फेडून’ आणि ‘टाक’ यांच्या मध्ये ‘कर्ज’ शब्द शिरत नाही. शिरला तर ‘च’सारखा एखादा हलका शब्द, जसे ‘फेडूनच टाक’. मराठी आपली जोडी सहसा घट्ट ठेवते, इंग्रजी ती सैल करते. मराठीतून मनात वाक्य जुळवून ते इंग्रजीत उतरवणारा माणूस जोडी घट्टच ठेवू पाहतो, आणि म्हणून ‘पे ऑफ इट’ लिहितो.

तिसरा नियम न सुटणाऱ्या जोडीचा. काही ठिकाणी मागचा शब्द हा क्रियापदाचा सोबती नसून पुढच्या नामाचा असतो. ‘लुक इन्टू द मॅटर’ म्हणजे प्रकरणाची चौकशी करा. येथे सर्वनाम आले तरी ‘लुक इन्टू इट’ असेच राहते, ‘लुक इट इन्टू’ कधीही होत नाही. ‘डील विथ’, ‘डिपेंड ऑन’, ‘लुक आफ्टर’ हे याच घरचे. ‘रन आउट ऑफ स्टॉक’सारख्या तीन शब्दांच्या जोड्याही अशाच एकत्र राहतात.

मग जोडी सुटणारी आहे की न सुटणारी, हे ओळखावे कसे? दोन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली कसोटी कानाची. सर्वनाम घालून वाक्य मोठ्याने म्हणावे. ‘पे इट ऑफ’ म्हणताना आवाजाचा जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक आफ्टर इट’ म्हणताना तो ‘लुक’वर पडतो. ज्या छोट्या शब्दावर जोर येतो तो सहसा सुटणारा. दुसरी कसोटी क्रियाविशेषणाची. ‘लुक केअरफुली इन्टू द मॅटर’ असे मधे ‘केअरफुली’ घालता येते. ‘पे केअरफुली ऑफ द लोन’ असे घालता येत नाही. जेथे ते बसते तेथे जोडी न सुटणारी समजावी.

चौथा नियम कर्म नसलेल्या जोडीचा. ‘द मशीन ब्रोक डाउन’, ‘द डील फेल थ्रू’. येथे मधे बसणारे कर्मच नाही, म्हणून जागेचा वादही नाही. मात्र याच जोड्यांची पुढे नामे होतात तेव्हा त्या एक शब्द बनतात आणि मग कोणी मधे शिरू शकत नाही. ‘ब्रेकडाउन’, ‘पिकअप’, ‘टेकओव्हर’ ही अशी नामे. उच्चारातही नामात जोर पहिल्या भागावर येतो.

नको असलेली शेपटी

जेथे शेपटी हवी तेथे ती गाळणे ही एक चूक, आणि जेथे नको तेथे लावणे ही दुसरी. ‘रिटर्न’ या शब्दातच परत देण्याचा अर्थ आहे, तरी ‘रिटर्न बॅक’ लिहिले जाते, कारण मराठीत ‘परत’ हा शब्द स्वतंत्र असतो आणि त्याला इंग्रजीत जागा हवीशी वाटते. ‘रिव्हर्ट बॅक’चे तेच. ‘कोप विथ’ पुरेसे असता ‘कोप अप विथ’ होते. ‘डिस्कस’ला कर्म थेट लागते, तरी ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते.

या यादीत सर्वांत महाग शब्द म्हणजे ‘वेव्ह ऑफ’. कर्ज किंवा शुल्क माफ करणे याला इंग्रजीत नुसते ‘वेव्ह’ म्हणतात. त्याचे नाम ‘वेव्हर’. २००८ साली केंद्र सरकारने आणलेल्या शेतकरी कर्जमाफी योजनेच्या इंग्रजी नावात ‘डेट वेव्हर’ हाच शब्द होता, त्यात ‘ऑफ’ नव्हते. हात हलवून निरोप देणे किंवा एखादी गोष्ट हातानेच झिडकारणे याला ‘वेव्ह ऑफ’ म्हणतात. त्या ‘वेव्ह’चे स्पेलिंग निराळे, उच्चार तेवढा एकच. ही शेपटी ‘वेव्ह’ला लागली, ती बहुधा ‘राइट ऑफ’च्या संगतीने. आणि त्या संगतीनेच एक मोठा गैरसमज पसरला.

सही करण्यापूर्वी

‘राइट ऑफ’ याला मराठी कारभारात निर्लेखन म्हणतात. थकीत कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून बाहेर काढते, एवढाच त्याचा अर्थ. वहीतून रक्कम अलग झाली, ऋणकोच्या डोक्यावरून नव्हे. भारतीय रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोड आणि तांत्रिक निर्लेखन यांविषयी परिपत्रक काढले. तांत्रिक निर्लेखन केवळ हिशेबापुरते असते, त्यात ऋणकोवरील दावा सोडलेला नसतो आणि वसुलीचा हक्क कायम राहतो, असे त्यात स्पष्ट केले आहे. अर्थात ‘वेव्ह’ म्हणजे माफी आणि ‘राइट ऑफ’ म्हणजे निर्लेखन, हे दोन वेगळे व्यवहार आहेत.

बँकेच्या पत्रात ‘रिटन ऑफ’ शब्द वाचून एखादा ऋणको कर्ज मिटले असे समजून स्वस्थ बसला, तर त्याचे दुष्परिणाम दोन. वसुली थांबत नाही, हा पहिला. दुसरा अधिक काळ छळतो. सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांच्या अहवालात त्या खात्यापुढे ‘रिटन ऑफ’ अशी नोंद राहते. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असते. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेल्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असते, आणि तीही निष्कलंक नोंद नव्हे. पुढे मुलाच्या उच्च शिक्षणासाठी किंवा दुकान वाढवण्यासाठी कर्ज मागायला गेले की या नोंदीचा अर्थ समजतो. पिढ्यांनी राखलेली पत, वेळेवर फेडलेली देणी, बाजारातला शब्द, या सगळ्यांवर एका इंग्रजी शब्दजोडीच्या अज्ञानाने डाग पडावा, ही साधी गोष्ट नव्हे.

उलट दिशेनेही धोका आहे. समजा, उधारी वसूल करणाऱ्या पेढीने ग्राहकाला ‘तुमची बाकी लिहून घेतली आहे’ असे कळवायचे आहे. लिहिणारा तरुण ‘वी हॅव रिटन डाउन युवर बॅलन्स’ लिहितो. नोंदवण्याच्या अर्थाने ‘राइट डाउन’ बरोबर आहे, पण हिशेबाच्या भाषेत ‘राइट डाउन’ म्हणजे मालमत्तेची किंवा येण्याची किंमत कमी करणे. त्यानेच ‘रिटन ऑफ’ लिहिले, तर येणे सोडून दिले असे समोरचा सहज म्हणेल. अशा वेळी जोडीचा मोह टाळून ‘वी हॅव रेकॉर्डेड युवर बॅलन्स’ असे एकच निःसंदिग्ध क्रियापद वापरणे शहाणपणाचे. ‘राइट बॅक’ म्हणजे आधी खर्ची टाकलेली रक्कम पुन्हा उत्पन्नात आणणे. ‘सेट ऑफ’ म्हणजे येणे आणि देणे एकमेकांत वळते करणे. वस्तू व सेवा कराच्या हिशेबात हा शब्द रोजचा झाला आहे, आणि बँकेच्या करारपत्रात तोच शब्द ठेवीतून कर्ज वळते करून घेण्याचा बँकेचा हक्क दर्शवतो. करारपत्रावर सही करताना पुष्कळांचे लक्ष रक्कम आणि व्याजदर यांवर असते. क्रियापदामागचा छोटा शब्द पाहणारे थोडे.

यावर उपाय खर्चिक नाही. घरातील पत्रव्यवहार पाहणाऱ्याने एक वही करावी. कंपनी, बँक, विमा आणि करखाते यांच्या पत्रांत आलेल्या जोड्या तीत मूळ वाक्यासह उतरवाव्यात, सुट्या शब्दासह नव्हे. प्रत्येक जोडी ‘इट’ घालून एकदा मोठ्याने म्हणावी. वर्षभरात त्या घराच्या धंद्याला लागणाऱ्या बहुतेक जोड्या जमा होतील. पत्र पाठवण्यापूर्वी फक्त तीन गोष्टी तपासाव्यात: मागचा शब्द योग्य आहे का, सर्वनाम मधे बसले आहे का, आणि नको तेथे शेपटी लागली नाही ना. करारपत्र असेल, तर प्रत्येक ‘ऑफ’, ‘ओव्हर’ आणि ‘बॅक’ याखाली पेन्सिलने रेघ ओढून त्याचा मराठी अर्थ बँकेतील अधिकाऱ्याला किंवा सनदी लेखापालाला विचारून घ्यावा. विचारण्यात कमीपणा नाही.

आष्टी तालुक्यात कडा येथे अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय आहे. ज्यांचे नाव त्या मंडळाने धारण केले, त्या आचार्य अमोलकऋषिजींनी बत्तीस आगमांचा अर्धमागधीतून हिंदी अनुवाद केला, आणि ते कार्य निजामाच्या हैदराबादेत झाले. गाथा मुखोद्गत असणे पुरेसे नाही, तिचा अर्थ श्रावकापर्यंत पोचला पाहिजे, हीच त्या परिश्रमामागची दृष्टी होती. व्यवहाराच्या कागदाला त्या पवित्र ग्रंथांची बरोबरी नाही. परंतु अर्थ जाणल्याखेरीज शब्द स्वीकारू नये, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

मराठीत वाचून टाकणे आणि वाचून घेणे यांतील भेद शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतो. कर्जाचा कागद वाचून टाकायचा नसतो, वाचून घ्यायचा असतो. आणि इंग्रजी कागद वाचून घेताना नजर क्रियापदावर थांबवू नये, त्याच्या मागे उभ्या असलेल्या छोट्या शब्दापर्यंत न्यावी. सही त्यानंतर करावी.